नखवालीच्या कोपऱ्याचं भाडं

राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, क्रांती इंगवलेचं ब्युटी पार्लर होतं. त्या पार्लरच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात दानेश्वरी तोडकर बसायची. एक टेबल, दोन स्टुलं, मान वाकवता येणारा एक दिवा आणि बाटल्यांचा ट्रे, एवढाच तिचा पसारा. केस, भुवया, फेशियल हे सगळं क्रांतीच्या मुली करायच्या. नखं मात्र फक्त दानेश्वरीकडं. त्यामुळं गल्लीत तिला नावानं कुणी ओळखत नसे. पानपट्टीवाल्यापासून खालच्या चष्मेवाल्यापर्यंत सगळे तिला नखवालीच म्हणत.

हे काम ती बंगळूरला शिकली होती. वडील वारल्यावर आईनं, बसव्वानं, तिला कुरुंदवाडहून आपल्या धाकट्या बहिणीकडं पाठवलं. तिथल्या एका मोठ्या पार्लरमध्ये ती फरशी पुसायला म्हणून लागली आणि हळूहळू नखांच्या टेबलावर जाऊन बसली. ब्रश उग्र वासाच्या पातळ औषधात बुडवायचा, पावडर उचलायची, नखावर पातळ थर चढवायचा, वाळला की कानस मारून आकार द्यायचा. वरून रंग, खडे, नक्षी. लग्न होऊन ती कोल्हापुरात आली ते २००२ साल. नवरा सोमशेखर शिरोलीला फौंड्रीत मोल्डर होता आणि कळंब्याच्या रस्त्याला त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या.

सासूला सुनेचं हे काम पहिल्यापासून खुपायचं. दुसऱ्याच्या हातापायाची नखं कापणारी बाई आपल्या घरात आली, हे ती शेजारणींपासून लपवायची. घरात लिंगपूजा असली की दानेश्वरीला ताटाला हात लावू द्यायची नाही. सोमशेखर दोघींच्या मध्ये कधी पडला नाही. तो दिवसभर भट्टीपुढं भाजून यायचा, जेवायचा आणि झोपायचा. पगार पुरत नव्हता, म्हणून बायकोनं बाहेर पडायला त्याची ना नव्हती, इतकंच.

क्रांतीनं तिला जागा दिली तेव्हा मोठ्या तोऱ्यात दिली. क्रांतीही काही सुखातली बाई नव्हती. नवऱ्यानं टाकल्यावर दिरांशी भांडून तिनं आपले दागिने परत मिळवले होते आणि ते मोडून हे पार्लर उभं केलं होतं. त्यामुळं जगात प्रत्येकजण आपल्याला लुबाडायलाच येतो, असं तिचं पक्कं मत झालं होतं. तिनं महिना आठशे भाडं सांगितलं, सामान ज्याचं त्याचं, आणि एक अट घातली. इमारतीची मालकीण झुंबरबाई वरच्या मजल्यावर राहायची. तिच्याशी झालेल्या करारात पोटभाडेकरू ठेवायचा नाही असं होतं. म्हणून म्हातारीनं विचारलं तर मी इथं पगारावर हाय असं सांगायचं. पावती मिळणार नाही, लेखी काही होणार नाही.

दानेश्वरीनं मान डोलावली. तिला जागेची गरज होती आणि त्या वेळी पावती ही काय मोठी गोष्ट आहे, असं तिला वाटलं.

झुंबरबाई जिन्याच्या पायरीवर मिसरी लावत बसायची. तिच्या नवऱ्याची शाहूपुरीत गुळाची अडत होती. तो गेल्यावर ही इमारत आणि दातओठ खाणारा स्वभाव एवढंच तिच्यापाशी उरलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला ती अडवायची. पहिल्याच आठवड्यात तिनं दानेश्वरीला विचारलं आणि दानेश्वरीनं शिकवल्याप्रमाणं सांगितलं. म्हातारी तिच्या बाटल्यांच्या पिशवीकडं बघत राहिली आणि म्हणाली की पगारी बायका स्वतःचं सामान घेऊन येतात, हे ती पहिल्यांदाच बघतेय.

वर्षभर बरं चाललं. मग कागलच्या एका नवरीचं नख लग्नाआधी दारात चेमटून निघालं. दानेश्वरीनं त्या बोटावर असं नख बसवलं की मेंदीच्या हातांच्या फोटोत कुणाला ओळखू आलं नाही. त्या लग्नातून चार गिऱ्हाइकं आली, त्या चारांतून आणखी आली. साखर कारखान्याच्या संचालकांच्या बायका, डॉक्टरणी, कॉलेजच्या पोरी. काही थेट खिडकीकडं जायच्या आणि जाताना क्रांतीकडं बघायच्यासुद्धा नाहीत.

तिथून क्रांतीचं तोंड फिरलं. आधी भाडं बाराशे झालं. मग औषधाच्या वासानं फेशियलच्या बायकांचं डोकं चढतं म्हणून खिडकी उघडी ठेवायचा हुकूम निघाला आणि पावसाच्या झडीत दानेश्वरीची पावडर भिजू लागली. पंखा दुसऱ्या बाजूला वळवला. गिऱ्हाइकांनी पैसे गल्ल्यावरच द्यायचे असा नियम केला आणि ते दानेश्वरीच्या हातात पडायला चार-चार दिवस लागू लागले. वर क्रांती गिऱ्हाइकांच्या कानाला लागून सांगायची की असल्या खोट्या नखांनी आतलं खरं नख कुजतं. एका बाईनं हे दानेश्वरीला तोंडावर विचारलं. दानेश्वरीनं त्या बाईचं जुनं खोटं नख काढून खालचं गुलाबी नख दाखवलं आणि काम पुढं चालू ठेवलं. पण त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये ती आपला थांबा विसरून पुढं गेली.

२००५ च्या जुलैअखेरीस पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगल्या. कुरुंदवाडात पाणी शिरलं. बसव्वा एकटी होती. दानेश्वरी निघाली, पण पुढचा रस्ता बंद झाला आणि ती जयसिंगपुरात अडकली. तिथल्या एका शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं. तीन दिवसांनी बसव्वा तिला तिथंच सापडली, अंगावरच्या एका लुगड्यानिशी. दानेश्वरीनं पार्लरला फोन लावून सगळं कळवलं होतं. क्रांती म्हणाली होती, ये निवांत, कोपरा कुठं पळून जात न्हाय.

पाणी उतरल्यावर आईला कळंब्याला सोडून ती कामावर आली, तेव्हा तिचं टेबल जिन्याच्या वळणावर उलटं पडलेलं होतं. ट्रे त्याखाली चेंगरला होता. महागाचं औषध पावडरीत सांडून फरशीवर पांढरा पापुद्रा धरला होता आणि त्याला कुणाच्या तरी चपलेचे ठसे चिकटले होते. आत तिच्या कोपऱ्यात काचेचं कपाट उभं होतं. क्रांतीच्या भावजयीचे खोटे दागिने त्यात मांडले होते.

क्रांती एका बाईच्या भुवया करत होती. तिनं दोरा तोंडातून काढलासुद्धा नाही. काम संपल्यावर म्हणाली की जागा पाहिजे असेल तर कपाट निघेल. पण आता भाडं नाही, धंद्यातला निम्मा वाटा. आणि पुराच्या दिवसांचं भाडं वेगळं, कारण जागा अडलेली होती.

"अडलेली कशी?" दानेश्वरी म्हणाली. "माझं टेबल तर जिन्यात हुतं."

क्रांतीनं पुढच्या बाईला खुर्चीवर बसवलं. दानेश्वरीनं टेबल सरळ केलं, फुटकी बाटली कागदात गुंडाळली आणि ती घरी आली.

त्या रात्री सोमशेखर पहिल्यांदा काही बोलला. त्याचं म्हणणं सरळ होतं. वर जाऊन म्हातारीला खरं सांगून टाक, क्रांतीचं बोचकं रस्त्यावर येईल. सासू म्हणाली, बरंच झालं, सुटलीस त्या घाणीतून. बसव्वा कोपऱ्यात घोंगडं पांघरून बसली होती. लेकीच्या सासरी आश्रयाला आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. कुरुंदवाडच्या आठवडी बाजारात तिनं आयुष्यभर चटण्या विकल्या होत्या आणि बसायच्या हातभर जागेसाठी कैक जणींशी भांडली होती.

"बाजारात जागंचा पैसा ठरल्याला असतोय," ती म्हणाली. "चटणी खपू दे, न्हाय खपू दे. इक्रीतला वाटा मागणारा जागंचा मालक न्हवं, तो भागीदार. वाटा पायजे आसंल तर त्यानं मिरच्या कांडाय पायजेत."

सासूनं नाक मुरडलं. दानेश्वरी मात्र उठून आईशेजारी जाऊन बसली.

पुढचे काही दिवस ती शहरात फिरली. महाद्वार रोडला साडीच्या दुकानात कोपरा घेऊन फॉल-पिको करणाऱ्या अंबूबाईला तिनं गाठलं. शाहूपुरीत शिंप्याच्या दुकानात मेंदी काढायला बसणाऱ्या एका मुलीला विचारलं. कोण किती देतं, विजेचं काय, मालकानं उठ म्हटलं तर मुदत किती. कुणी सरळ सांगितलं, कुणी तिच्याकडं संशयानं बघून गप्प बसलं. अंबूबाई तर म्हणाली की तू माझा कोपरा बघायला आलीयस, निघ इथनं. तरी फिरून एवढं तिला कळलं की निम्मा वाटा कुणीच देत नाही.

मग ती झुंबरबाईकडं गेली. काय सांगायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. म्हातारीनं तिला दारातच उभं ठेवलं.

"पगारी बाईचं टेबल जिन्यात टाकत न्हाईत," झुंबरबाई म्हणाली. "तू पोटभाडेकरू हायस. मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय."

मग म्हातारी मुद्द्यावर आली. तिला क्रांतीला काढायचं होतं. जुन्या भाड्यात ती बाई जागा अडवून बसली होती. दानेश्वरीनं कोर्टात येऊन एवढंच सांगायचं की मी क्रांतीला भाडं देत होते. जागा मोकळी झाली की सगळं पार्लर दानेश्वरीला, भाडं आपण नंतर बघू.

"नंतर म्हंजे किती?" दानेश्वरीनं विचारलं.

"ते मी ठरवीन. तुज्यासारखीला एवढी जागा कोण देणार हाय? पाय धुणारी बाई तू."

दानेश्वरीनं तिच्याकडं नीट पाहिलं. तोंडाच्या कडेला मिसरीचा काळा ओघळ होता आणि डोळे क्रांतीचे असावेत तसे होते, समोरच्या माणसात आपला फायदा शोधणारे. हिच्या जिवावर आपण आत गेलो, तर उद्या हीच आपलं टेबल जिन्यात टाकणार, हे तिला उमगलं. विचार करून सांगते म्हणून ती खाली उतरली. उतरताना जिन्याच्या वळणावर तिचं टेबल अजून तिथंच होतं आणि त्यावर कुणीतरी चहाचे रिकामे ग्लास ठेवले होते.

सोमवारी राजारामपुरीचा बाजार बंद असतो, पार्लरही बंद होतं. क्रांती आत एकटीच टॉवेल वाळत घालत होती. दानेश्वरी आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, बसून बोलूया."

"ताईची मॅडम कधी झाले मी?"

"माझं टेबल जिन्यात गेलं तवा."

क्रांतीनं टॉवेल खुर्चीवर टाकला. मग ती बोलायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही. सोफा कुणाचा, आरसे कुणाचे, पाटीवर नाव कुणाचं. बायका जिना चढून येतात ते क्रांतीच्या नावावर. दोन खोल्यांतनं आलेल्या पोरीला आपण उभं केलं आणि आता ती आपल्याच गिऱ्हाइकांना खिडकीकडं ओढते. दिरांनी केलं, नवऱ्यानं केलं, आता ही करते.

दानेश्वरीनं ते सगळं ऐकून घेतलं. त्यातलं काही खरंही होतं आणि ते तिला माहीत होतं. पण ती त्या बाईची माफी मागायला आली नव्हती. तिनं आपल्या अटी सांगितल्या: महिना बाराशे, वीज वेगळी, गिऱ्हाइकाचे पैसे तिच्या हातात, उठवायचं असेल तर दोन महिने आधी सांगायचं, आणि सगळं लेखी. पुरातल्या दिवसांचं भाडं नाही. सांडलेल्या औषधाचे पैसे उलट क्रांतीनं द्यायचे.

"लेखी?" क्रांती हसली. "म्हातारीच्या हातात कोलीत द्यू व्हय मी?"

"म्हातारीकडं जाऊन आलीया मी शनवारी," दानेश्वरी म्हणाली. "कोर्टात साक्ष दे म्हणती. अजून मी व्हय म्हटल्यालं न्हाय."

क्रांतीचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. तिनं हाताला लागलेली नेलपॉलिशची बाटली उचलून भिंतीवर मारली. बाटली फुटली नाही. ती घरंगळत दानेश्वरीच्या पायाशी आली आणि दोघी तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"पोटात सुरा खुपसतीस तू," क्रांती म्हणाली.

"भाडं ठरवतीया."

त्या दिवशी काही ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी क्रांतीनं दोन हजार सांगितले, दानेश्वरी बाराशेवर अडून राहिली. बोलणं गिऱ्हाइकांसमोर झालं, एकदा जिन्यात झालं आणि ते झुंबरबाईनं वरून कान देऊन ऐकलं. शेवटी पंधराशेवर आलं. औषधाचे पैसे क्रांतीनं दिले नाहीत आणि पुराचं भाडं दानेश्वरीनं दिलं नाही. राहिला कागद. त्यासाठी दोघी कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकिलाकडं गेल्या, वेगवेगळ्या रिक्षांतनं. वकिलानं दोघींचं ऐकून घेतलं आणि तोडगा सांगितला. पोटभाडेकरू म्हटलं तर क्रांतीची जागा जाते, भागीदार म्हटलं तर जात नाही. धंद्यात दोघी भागीदार आहेत असं लिहायचं आणि बाकीच्या अटी त्यातच घालायच्या.

म्हणजे ज्या दिवशी दोघींचं बोलणं कायमचं तुटलं, त्याच दिवशी स्टँपपेपरवर त्या एकमेकींच्या भागीदार झाल्या. वकील सही कुठं करायची ते दाखवत होता आणि त्या एकमेकींच्या हाताला हात लागू नये म्हणून कागद टेबलावरून सरकवत होत्या.

दानेश्वरीनं मग वर जाऊन झुंबरबाईला आपण साक्ष देणार नाही असं सांगितलं. म्हातारी तिच्या आईवरून घाणेरडं बोलली. त्यानंतर जिन्यात दानेश्वरी तिच्यासाठी कधी बाजूला झाली नाही. म्हातारीलाच पाय आवरून घ्यावा लागायचा.

काचेचं कपाट निघालं आणि टेबल परत खिडकीकडं आलं. त्यानंतर चार वर्षं या दोन बायका दहा-बारा फुटांच्या अंतरावर बसल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत. निरोप असला तर पार्लरमधल्या मुलींकडून जायचा. खिडकी क्रांती उघडायची, दानेश्वरी लावायची. नळाला बादली क्रांतीनं लावली की दानेश्वरी हात धुवायला थांबायची, आणि बादली भरूनही क्रांती ती उचलायची नाही. मधल्या काळात क्रांतीनं पुण्याहून नखांचं शिकून आलेली एक मुलगी पगारावर ठेवली आणि निम्म्या दरात नखं करून देण्याची पाटी लावली. काही गिऱ्हाइकं फुटली. दानेश्वरीनं दर कमी केला नाही. ती मुलगी सहा महिन्यांत लग्न होऊन गेली आणि पाटी तेवढी भिंतीवर राहिली.

फक्त दर वर्षी ऑगस्टात त्या दोघी समोरासमोर बसायच्या, कारण भाडं वाढवायचं असायचं. क्रांती तोंडाला येईल तो आकडा फेकायची. दानेश्वरी शहरात काय चाललंय ते सांगायची. आवाज चढायचे, मुली आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. दानेश्वरी आकडा ठरल्याशिवाय उठायची नाही. आपण भांडखोर झालो, हे तिला कळत होतं. सासूही आता तिच्याशी सांभाळून बोलायची, लिंगपूजेच्या ताटाचं नाव काढायची नाही. याचं दानेश्वरीला समाधान वाटायचं आणि कधीकधी वाईटही वाटायचं, की माणसं तिला मऊपणानं काही द्यायला तयार नव्हती, प्रत्येक गोष्ट हिसकावूनच घ्यावी लागली.

कुरुंदवाडचं घर उभं राहिल्यावर बसव्वा परत गेली. जावई अडवत होता, पण ती म्हणाली की बाजारातल्या जागेवर दुसरी कुणी बसली तर उठवायला आता अंगात बळ नाही.

२००९ साली कळंब्याच्या रस्त्याला रस्त्यालगतचा एक गाळा रिकामा झाला. सोमशेखरनं फौंड्रीच्या सोसायटीतून कर्ज काढलं आणि दानेश्वरीनं तो गाळा घेतला. करारात ठरल्याप्रमाणं दोन महिने आधी तिनं एका मुलीकरवी क्रांतीला कळवलं. क्रांतीनं काही उत्तर धाडलं नाही. दोन महिने दानेश्वरी प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्या जागेचा पत्ता सांगत होती, क्रांतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

शेवटच्या दिवशी सोमशेखर आणि त्याच्याबरोबरच्या एका माणसानं टेबल खाली नेलं. दानेश्वरी भिंतीवरची बाटल्यांची फळी उतरवत होती. फळी निघाली आणि भिंतीत स्क्रूची भोकं दिसली. तेवढ्यात मागून आवाज आला. गेल्या ऑगस्टानंतर क्रांती पहिल्यांदा तिच्याशी बोलत होती.

"भिंत घेतली तशी द्यायची. ती भोकं बुजवून जा."

पार्लरमध्ये तीन गिऱ्हाइकं होती. दानेश्वरी खाली उतरली, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या सिमेंटची पुडी आणली, प्लास्टिकच्या झाकणात पाण्यानं कालवली आणि एकेक भोक बोटानं भरलं. वरून नखाची कानस फिरवून भिंत सपाट केली. काम होईपर्यंत क्रांती कमरेवर हात ठेवून मागं उभी होती. झाल्यावर तिनं पुढं येऊन भिंतीवरून बोट फिरवलं.

"पडद्यामागं एक राहिलंय," ती म्हणाली.

राहिलं होतं खरंच. दानेश्वरीनं पडदा बाजूला केला, ते भोक भरलं, हात धुतले आणि पर्स उचलली. क्रांती तोपर्यंत परत खुर्चीशी गेली होती आणि कुणाचे तरी केस विंचरत होती. जिन्यात झुंबरबाई बसली होती. तिनं पाय आवरून घेतला, आणि दानेश्वरी खाली रिक्षात टेबलाला धरून बसलेल्या नवऱ्याशेजारी जाऊन बसली.